काळी एकमधला पाळणा

फोनवर मला लोक सर म्हणतात. कुरिअरवाला, गॅसवाला, बँकेतून कर्ज घ्या म्हणून मागं लागणारी ती पोरगी, सगळे. हां सर, बोला सर. आधी मी सांगायची, अहो बाई आहे मी. मग समोरचा गडबडायचा, सॉरी म्हणायचा आणि पुढच्याच वाक्याला परत सर. आता सांगायचं सोडून दिलंय. म्हण बाबा सर, तेवढाच मान.

माझा आवाजच तसा आहे, जाड आणि खालचा. शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या युनिटमध्ये मी सुपरवायझर आहे. सगळ्या मशिनी एकदम धडधडत असताना मी ह्या टोकाला उभी राहून कॉलर उलटी लागलीय म्हटलं, की त्या टोकाची बाई मशीन थांबवते. मालक म्हणतात, राजश्री मॅडम असल्यावर स्पीकर कशाला पाहिजे. कारखान्यात माझा आवाज चालतो. घरात चालत नाही.

माहेरी मंद्रूपला शाळेत पंधरा ऑगस्टच्या गाण्याला बाईंनी मला मागच्या रांगेत उभं केलं आणि नुसते ओठ हलव म्हणाल्या. घरी माझी आई बजाबाई उठता बसता एकच सांगायची, बारीक बोल, बाप्यावानी नको. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तर कानाशी येऊन म्हणाली, हळू घे. मी इतका हळू घेतला की शेजारी बसलेल्या नवनाथला स्वतःचं नाव ऐकू आलं नाही. अजून चिडवतो तो त्यावरनं.

तर माझा धाकटा भाऊ अभिमन्यू, त्याला दुसरं लेकरू झालं. मुलगी. दुसरं बाळंतपण म्हणून बारसं सासरीच, म्हणजे आमच्या मंद्रूपच्या घरी ठरलं. बारशाला मान कुणाचा? आत्याचा. बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या, सांगताना पाठीत बायकांच्या बुक्क्या खाते ती आत्या, आणि आमच्याकडं पहिला पाळणा म्हणते तीही आत्याच. थोरल्या शिवराजच्या बारशाला मी पाठ तेवढी सडकून घेतली आणि पाळण्याच्या वेळी घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा ठणठणीत होता. आईनं तसं सांगायला लावलं होतं.

ह्या वेळी आईचा फोन आला तो आधीच सगळं ठरवून. माझी भावजय रेश्मा, तिची मावसबहीण सिद्धेश्वरी गाण्याच्या परीक्षा देते, पेटी घेऊन येणार आहे म्हणाली.

"नाव तूच ठिव. पाळणा तेवढा सिद्धेश्वरी म्हणंल. लई गोड गळा हाय तिचा. चार लोकं येणार हायेत."

"आणि मी काय करू?"

"तू टाळ्या दे की."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. बेचाळीस वर्षांची बाई मी, माझ्या हाताखाली एवढ्या बायका, आणि मी टाळ्या देऊ. फोन ठेवला आणि नवनाथला सांगून टाकलं, पाळणा मी म्हणणार. माझ्या आवाजात म्हणणार. तो कांदा चिरत होता. मान वर न करता म्हणाला, मग वाद्य बदल, ते निळं काय उपयोगाचं नाही.

त्या निळ्याचंही सांगायला पाहिजे. दिवाळीला युनिटमध्ये लकी ड्रॉ असतो. कुणाला कुकर लागला, कुणाला इस्त्री, आणि मला लागलं आकाशी रंगाचं युकुलेले. चार तारांचं, गिटारच्या पोरासारखं दिसणारं. सगळ्या हसल्या. एकीनं कुकर देऊन बदलून घेऊ का विचारलं आणि तिथंच माझं डोकं फिरलं. नाही देत म्हटलं. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून शिकले. कुंभारीच्या आमच्या घरात सुट्टीच्या दुपारी दार लावून वाजवते, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाजवते. बोटं बसलीत. पण त्याचा सूर वरचा, किणकिण किणकिण, आणि माझा गळा खाली. त्याच्याबरोबर गायला लागले की वरच्या मजल्यावरच्या बाईशी खालनं भांडल्यासारखं वाटतं. गळ्याच्या शिरा ताणून त्याच्यापर्यंत जायची आणि दोन ओळींत खोकला. इतकी वर्षं लोकांनी वर ओढलं, आता हे खेळणंही ओढतंय म्हटल्यावर मी त्याला कपाटात टाकलं आणि गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, नवनाथला घेऊन नवी पेठेत गेले.

वाद्यांचं ते दुकान साड्यांच्या दोन दुकानांच्या मधे चेपलेलं आहे. मालक चनबसप्पा, पांढरी टोपी, कपाळाला विभूती, मराठी बोलता बोलता मधेच कानडीत शिरणारे. युकुलेले दाखवा म्हटल्यावर त्यांनी न विचारता एक पांढरं काढलं, त्याच्यावर गुलाबी फुलं. लेडीज पीस आहे म्हणाले. खुंट्या पिळल्या, पेटीवर एक सूर धरला, त्याला तारा लावल्या आणि माझ्या हातात दिलं.

कुठल्या पट्टीत लावलं विचारलं तर म्हणाले, काळी चार. काळी चार म्हणजे पेटीवरची ती वरची पट्टी, बायका गातात ती. मी म्हटलं मला काळी एक पाहिजे, बाप्ये गातात ती खालची. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग नवनाथकडं.

"साहेब गाणार आहेत का?"

"साहेबांना आरतीसुद्धा येत नाही," मी म्हटलं. "मी गाणार आहे."

अहो, पण लेडीज काळी चारमध्ये गातात, असं त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी प्रेमानं. बाई दुकानात शिरली की त्यांचा हात आपोआप त्याच पट्टीवर जात असणार, चाळीस वर्षांची सवय. म्हटलं ठीक आहे. पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्या पाळण्याची पहिली ओळ म्हटली, जशी येते तशी, कुठं न ओढता. टाळ घ्यायला आलेला एक माणूस मागं उभा होता, तो वळून नवनाथकडं बघायला लागला. नवनाथनं आपलं तोंड बंद आहे हे दाखवायला ओठांवर बोट ठेवलं.

चनबसप्पा हसले नाहीत. पेटीवर बोट खाली खाली सरकवत गेले आणि काळी एकवर थांबले. परत म्हणा म्हणाले. मी परत म्हटलं. मग त्यांनी ते फुलांचं पांढरं परत ठेवलं, एक मधल्या आकाराचं दिलं, ते मी वाजवून बघितलं, बरं होतं पण तेही वर बघणारं. दुसरं दिलं, त्याचा आवाज डब्यातनं आल्यासारखा. मी नाही नाही म्हणत राहिले. नवनाथ घड्याळ बघायला लागला तरी नाहीच म्हणत राहिले. शेवटी चनबसप्पा स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरनं एक धूळ खात पडलेलं काढलं. चांगलं मोठं, करड्या लाकडाचं, वर फूल नाही, चित्र नाही, जाड तारा. बॅरिटोन म्हणतात ह्याला, म्हणाले. कुणी घेत नाही. गिटारवाले म्हणतात ही गिटार नाही, युकुलेलेवाले म्हणतात हे युकुलेले नाही.

मी मनात म्हटलं, ये माझ्या बाई.

बोटं तीच ठेवायची होती, ओळखीच्या जागी. तारांवरनं अंगठा फिरवला आणि जो सूर आला तो मला कानाआधी पोटात कळला. त्याच्यावर मी पाळण्याची ओळ म्हटली तर वर चढायलाच लागलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही. चनबसप्पा म्हणाले, नवीन तारा घालून देतो, बसा.

बारशाच्या दिवशी घर बायकांनी गच्च भरलेलं. पाळण्याला झेंडूच्या माळा, परातीत घुगऱ्या, रेश्मा हिरव्या साडीत, आणि पाळण्याशेजारी सतरंजीवर सिद्धेश्वरी पेटी उघडून बसलेली. पोरगी चांगली होती हो, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी खोळीतनं वाद्य काढलं तसं आईनं दारातनं बघितलं. तिचा चेहरा पडला. बायकांतनं वाट काढत ती माझ्यापाशी आली.

"राजश्री, हसं करून घिऊ नको. ठिव ते."

"आत्या मी आहे," मी म्हटलं, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं, कारण माझा आवाज तसाच आहे. "पाळणा मी म्हणणार. ज्याला हसायचं त्यानं हसावं."

घुगऱ्या बघते म्हणून आई आत स्वयंपाकघरात गेली. तिची ती नेहमीचीच पद्धत. गावात कुणाचंही बारसं असो, पाळणा सुरू व्हायची वेळ झाली की आईला घुगऱ्या आठवायच्या. मला वाटायचं, किती कामाची बाई.

सिद्धेश्वरीनं पेटीवर हात ठेवून कुठली पट्टी म्हणून विचारलं. मी काळी एक म्हटलं. तिच्या भुवया वर गेल्या, पण तिनं सूर धरला. मी पाळणा निवडला होता तो आमच्या शेजारच्या पारूबाईंचा, लहानपणी ऐकलेला. आता त्या नाहीत, त्यांचा पाळणाही कुणी म्हणत नाही.

*निंबाच्या फांदीला बांधिला पाळणा,*
*झोका गं देईना वारा शहाणा.*

पहिल्या ओळीला मागं कुणीतरी फिसकन हसलं. मी तिकडं बघितलं, युनिटमध्ये बघते तशी, आणि म्हणत राहिले. हातातलं वाद्य खाली, माझ्याशेजारी होतं, ते काही मला सोडून वर पळत नव्हतं. दुसऱ्या कडव्याला भिंतीला टेकून बसलेल्या दोघीतिघी म्हाताऱ्या म्हणायला लागल्या. ह्या बायका एरवी नुसत्या टाळ्या देतात. इतक्या खाली त्यांचाही गळा पोचत होता, त्यांना तरी कुणी कधी विचारलं होतं? मग आणखी चारपाच जणी आल्या. मी जोरात आले आणि त्या जोरातच तिसऱ्या कडव्याला चुकले. आत्यानं आणली रेशमाची दोरी, असं म्हणून गेले, आणि पुढची ओळ काही जुळेना. तीच ओळ परत म्हटली, परत अडले. झालं हसं, म्हटलं.

"दोरी मामाची. आत्याची वाटी."

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, हातात पळी.

*मामानं धाडिली रेशमाची दोरी,*
*आत्यानं भरली काजळाची वाटी.*

आई गात होती. माझ्या जन्मात मी तिला गाताना ऐकलं नव्हतं. आणि तो आवाज माझाच होता. माझाच, पण माझ्याहून जाड, माझ्याहून खालचा, विहिरीच्या कठड्यावर हात ठेवून बोलल्यासारखा. सगळ्या बायका माझं सोडून तिच्याकडं वळल्या. अभिमन्यू बाहेरनं आत येऊन उभा राहिला. माझा हात तारांवर चालू होता एवढंच, तोंड उघडं. आईनं चौथं म्हटलं, पाचवं म्हटलं, मला माहीत नसलेली दोन आणखी म्हटली, पळी हातातच, आणि संपल्यावर कुणाकडंही न बघता आत गेली.

मी बाळाच्या कानात आरोही म्हणून सांगितलं, पाठीत बुक्क्या खाल्ल्या, ओट्या भरल्या, सगळं केलं. बायका गेल्यावर आत गेले. आई परात घासत बसली होती. मला खरं तर तिच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं आणि तिचा भयंकर रागही आला होता, दोन्ही एकदम, आणि तोंडातनं रागच आला.

"असा गळा होता तर मला का गप्प बसवलंस? एवढी वर्षं?"

तिनं परात पालथी घातली.

"मी नवी सून असताना तुझ्या चुलत्याच्या पोराच्या बारशात, तुझ्या आजीम्होरं म्हटला हुता हाच पाळणा. शेजारच्या गावची पाव्हणी म्हणाली, बाप्या कोण गातोय आत? समदे हसले. तुझा बाप बी हसला." हात धुता धुता ती थांबली. "तू शाळंतनं रडत आलीस तवा मला कळलं, माझंच हाय हे. तुला कुणी हसाया नको म्हणून मीच आधी गप्प केलं."

तिचा राग आला, त्या पाहुणीचा आला, गेलेल्या बापाचा आला. म्हटलं, आजी मेली, पाहुणी मेली, आता तरी घुगऱ्या बघायला जाऊ नकोस. ती हसली, पदरानं डोळे टिपले आणि बाहेर पाळण्यापाशी जाऊन बसली. आरोही जागी होती, मुठी चोखत होती. मी शेजारी वाद्य घेऊन बसले आणि निंबाच्या फांदीचा सूर धरला.

आईनं पहिली ओळ म्हटली आणि हात वर करून मला थांबवलं.

"हे आणखी खाली हुतंय का?"

"होतंय की."

"मग कर. मला अजून खाली जाता येतंय."

मी चारही खुंट्या सैल केल्या.