ढवळण्याची पाळी

लीथाने कढईतला लांब दांडा फिरवता फिरवताच मान वर केली. बेअर माउंटनच्या त्या चढावर चकचकीत गाडी यायचं काही कारण नव्हतं. गाडीतून तिची धाकटी बहीण आर्डेला उतरली. टोपी काय, हातमोजे काय, विचारू नका. मागोमाग तिचा गोरा नवरा.

लीथाला भरून आलं. कित्येक वर्षं साधी चिठ्ठीही नव्हती. सफरचंदाचा गर पहाटेपासून आटत होता, आणि घरचं माणूस कढईपाशी आलं की आधी दांडा हातात घेतं, मग बोलतं, ही रीत डोंगरावरच्या मोनाकन आदिवासींच्या प्रत्येक घरात होती. परक्याच्या हाती तो कुणी देत नसे. लीथाने दांडा पुढे केला.

"घे गं."

आर्डेलाने हात मागे घेतले.

"ओळखतात की काय तुला?" नवऱ्याने हसत विचारलं.

"छे. इथला मुरंबा चांगला असतो म्हणून ऐकलं होतं."

त्या काळी व्हर्जिनियात गोऱ्याचं मोनाकन बाईशी झालेलं लग्न कायदा मानत नसे, वर तुरुंगात टाकत असे. लीथाला ते ठाऊक होतं; आर्डेला उजळ रंगावर गोरी म्हणून खपते आहे, हेही आता कळलं. म्हणून काय आईकडे बघायचंही नाही? आई समोरच पायरीवर बसली होती. एकदा नाव घेऊन हाक मारली असती, तर सगळा थाट तिथल्या तिथे उतरला असता. लीथाने तोंड उघडलंही.

तेवढ्यात आई उठली आणि तिने दांडा लीथाच्या हातातून काढून घेतला.

"परक्या माणसांना कशाला कामाला लावतेस? बाईसाहेबांना बरणी दे."

बहिणीने दगा दिला तो दिलाच, आता आईही तिच्याच बाजूने. लीथाने बरणी आणून गाडीच्या टपावर आदळली.

"आमची मुलगी खूश होईल," नवरा म्हणाला. "भारी गोडखाऊ आहे."

आईचा हात क्षणभर थांबला.

"कुणावर गेलीय?"

"हिच्या आईवर, असं ही म्हणते. मी काही त्यांना पाहिलं नाही. लग्नाआधीच वारल्या त्या."

"अरेरे," आई म्हणाली.

आर्डेला आधीच गाडीत जाऊन बसली होती. गाडी वळणाआड गेली, तरी लीथा धुमसतच होती.

"बोलू का दिलं नाहीस मला?"

आई ढवळत राहिली. मग तिने विचारलं,

"लीथा, मी कशाने गेले म्हणून सांगितलं असेल गं तिने?"