बाईंचा खरा विषय

"बाइंडिंग," बाईंनी ठोकून दिले. "पुस्तकांचं बाइंडिंग किती टिकतं, हा माझा विषय."

समोरच्या मॅडमनी तो उत्साहाने टिपून घेतला. विद्यापीठाने नवी योजना काढली होती. कॉलेजच्या ग्रंथपालांनीही स्वतःचे संशोधन करावे आणि त्यांच्या मदतीला एक मार्गदर्शक यावा. तशा या मॅडम आल्या होत्या. बाईंची सबंध नोकरी दुसऱ्यांच्या संशोधनासाठी संदर्भ शोधण्यात गेली होती. आता निवृत्तीच्या तोंडावर कुणाला त्यांचा पुळका आला, म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतेच.

"दर गुरुवारी दुपारी देवघेवीच्या टेबलावर मी बसेन," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही आत निवांत लिहा."

"खुर्चीवर डोळा आहे तिचा," घरी बाईंनी नवऱ्याला सांगितले.

"त्या डुगडुगत्या खुर्चीवर? विमा काढून बस म्हणावं," नवरा हसला. "अगं, खरा विषय सांगून टाक ना तिला."

"सांगितलं होतं एकदा एकाला. आठवतंय ना?"

त्याला आठवत होते. इतिहासाच्या सरांना बाईंनी वर्षानुवर्षे जुनी कात्रणे हुडकून दिली, त्यांतून काय निघते तेही बोलता बोलता सांगितले. सरांचे पुस्तक आले, तेव्हा बाईंचे म्हणणे त्यात शब्दाला शब्द होते आणि आभार होते 'ग्रंथालयातील कर्मचारीवर्गाचे'.

गुरुवार येत गेले. मॅडम बाइंडिंगवरचे लेख गठ्ठ्यांनी आणायच्या. बाई ते पुढ्यात ठेवून रॅकच्या फटीतून त्यांच्यावर पाळत ठेवायच्या. ही बया फोनवर कुणाशी बोलते? ड्रॉवर कशाला उघडला? ड्रॉवरमधून निघाले ते नुसते पेन, तरी बाईंचे समाधान होईना.

परीक्षा जवळ आल्या. एका मुलीने रसायनशास्त्राचे पुस्तक मागितले. नोंदीप्रमाणे ते आतच होते, पण जागेवर नव्हते. मॅडमनी शोधशोध शोधले, तेव्हा ते शेतीच्या जुन्या अहवालांमागे सापडले. शेजारी आणखी दोन होती. मुलीला तिचे देऊन मॅडम ती दोन जागेवर लावायला निघाल्या.

"ठेवा ती परत तिथंच!" बाई आतून ओरडल्या.

मॅडम दचकल्या. "तुम्ही लपवलीत?"

"मी कशाला लपवू? पोरं लपवतात. घरी नेलं तर आठवड्यात परत करावं लागतं. लपवलं की परीक्षेपर्यंत आपलंच! इथंच येऊन वाचायचं, पुन्हा मागं सारायचं. मग नोंदीत दिसतं, हे पुस्तक कुणी नेतच नाही. खरेदी समिती म्हणते, मागणी नाही, जास्त प्रती कशाला? प्रती कमी, म्हणून पोरं आणखी लपवतात. कुणी मागितलं तर मी काढून देते, एरवी हलवत नाही. कुठलं पुस्तक, कशामागं, किती दिवस..."

बाईंनी जीभ चावली. पण व्हायचे ते होऊन गेले होते.

मॅडम हसत सुटल्या. "अहो बाई, मीही लपवायचे! नकाशांच्या मागं. आणि इथं मी मेली बाइंडिंगवाल्यांचे उंबरे झिजवतेय! आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की ते दुसऱ्याचं होतं."

मॅडमचे हसू विरले. हातातल्या पेनाला त्यांनी टोपण लावले. "मी काही लिहून घेतलेलं नाही. पहिलं पान तुम्ही लिहा, वर तुमचं नाव घाला. मग दाखवावंसं वाटलं, तर दाखवा."

ती दोन पुस्तके त्यांनी होती तशी अहवालांमागे सारली आणि त्या टेबलाकडे गेल्या.

गोड तर सरही बोलायचे, बाईंच्या मनात आले. तरी त्यांनी कोरा कागद ओढला आणि वर आपले नाव लिहिले. या इमारतीत ते आजवर मुदत संपल्याच्या नोटिशींखालीच येत आले होते.

पहिले वाक्य संपता संपता बाईंच्या लक्षात आले, की शेजारच्याला उत्तर दिसू नये म्हणून परीक्षेत मुले धरतात तसा आपला डावा हात कागदाभोवती आहे. खोलीत दुसरे कुणीच नव्हते.

त्यांनी हात काढला नाही. तसाच ठेवून त्या लिहीत राहिल्या.