दोर सुटेपर्यंत

पेटीच्या आत काच फुटल्याचा आवाज झाला आणि धक्क्यावरची माणसे पेटीभोवती जमली. मी त्या कललेल्या पेटीवर लोंबकळत होतो. दोराचा फास अजून माझ्या वाकड्या बोटात होता.

मित्रांनो, मी एका मालवाहू जहाजाच्या क्रेनचा जुना हूक आहे. भट्टीत लाल झालो, घणाखाली वाकलो आणि ते वाकणेच माझे आयुष्य झाले. धान्य, यंत्रे, औषधे, एकदा तर एक पियानो माझ्या मुठीतून गेला. खलाशी म्हणत, "म्हातारा आहे, पण पकड सोडत नाही." पुढे गंज चढला आणि मला तेल द्यायचे कुणाला सुचेना. एका गोष्टीचे नवल मात्र कधी सरले नाही. अथांग पाण्यावर ना कुंपण, ना शीव. तरी समुद्रातून माल नेण्याच्या कायद्याने एक शीव आखली आणि ती नेमकी माझ्यावर. माल माझ्यात अडकला की तो जहाजाने सांभाळायचा. पलीकडच्या बंदरात माझ्यातून सुटला की मालकाने. एवढा थोरला समुद्र, आणि त्याचा न्याय माझ्या बोटभर बाकावर तोललेला!

त्या पेटीत दीपगृहाचे भिंग होते. वडिलांनी घासायला घेतलेले, त्यांच्या मागे लेकीने पुरे केलेले. बसवून देईपर्यंत ते तिचेच होते, म्हणून ती आधीच येऊन धक्क्यावर उभी होती. भरपाई मिळाली नाही, तर दुसरे भिंग घडवायला तिची भट्टी पेटणार नव्हती.

आमच्या जहाजाची रीत अशी: पेटी टेकली, दोर काढला, की मुकादम माझ्या पाठीवर थाप मारी, ती ऐकून क्रेनवाला मला वर ओढी. त्या दिवशी गप्पांच्या भरात थाप आधी पडली, दोर काढायचा राहिला. मी वर निघालो, पेटी उचलली गेली, कलली, आपटली.

आधी जहाजाचा मुख्य अधिकारी बोलला. तो कप्तानाचा मेहुणा.

"थाप मी या कानांनी ऐकली, भाऊजी. थाप पडली म्हणजे माल उतरला. पुढचं बाईंचं नशीब."

"पण दोर तर अजून अडकलेलाच आहे," ती हळूच म्हणाली.

कप्तानाने मुकादमाकडे पाहिले.

"हात सवयीनं पडला, साहेब," मुकादम पुटपुटला. "दोर नव्हता काढला."

"घ्या. याचा हात एक सांगतो, तोंड दुसरंच," मेहुणा म्हणाला.

कप्तान जवळ आला. त्याचे बोट दोरावरून सरकत माझ्या बाकापर्यंत आले आणि तिथे थांबले.

"हाताचं सोडा. दोर हुकात आहे तोवर माल माझा. बाई, भरपाई जहाज देईल."

वादळांनी मला पुष्कळ हेलकावले होते. पण असे आतून कुणी हलवले नव्हते. कुठल्याशा दूरच्या दालनात लिहिलेला तो कायदा एका माणसाच्या बोटातून माझ्या लोखंडात उतरला होता.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू हाती घ्याल, तेव्हा ती टेकली एवढ्यावर सोडून देऊ नका. जरा वाकून पाहा. आणि आमच्यासारख्या गंजलेल्यांना कधीतरी थेंबभर तेल द्या.

"आणि कंपनीला काय सांगणार?" मेहुण्याचा आवाज उतरला. "उद्या तुमची नोकरी गेली, तर ताईला मी काय सांगू, भाऊजी?"

कप्तानाने फास स्वतःच्या हाताने माझ्यातून सोडवला, माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि तो शिडी चढून गेला.