वैभवीची ओळ

वैभवीने जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून घरूनच जाहिराती लिहायला सुरुवात केली, तेव्हा आपली पोरगी नेमकं काय करते हे तिच्या वडिलांना काटोलात कोणाला सांगता येत नसे. चंपतराव संत्र्याचे अडते. माल आला, बोली लागली, विकला गेला, असा त्यांचा धंदा. नुसती वाक्यं विकून नागपुरात पोट भरतं, हे त्यांच्या पचनी पडेना. पण वैभवीचा जम बसला. बर्डीवरचं साड्यांचं दुकान, मसाल्यांची एक कंपनी, दोन बिल्डर. ती माणसं बोलतात तसं लिहायची, म्हणून कामं तिला शोधत यायला लागली.

रामदासपेठेतलं एक डोळ्यांचं हॉस्पिटल हे त्यातलं सगळ्यात मोठं काम. तिथला प्रचार सांभाळणाऱ्या रविंद्रला मोतीबिंदूच्या शिबिरासाठी ओळ हवी होती. वैभवीने लिहिली, ‘दिसणं संपलं, असं कोणी सांगितलं?’ हॉस्पिटलवाले खूश झाले. बोर्ड छापताना रविंद्रने ओळीखालचा मोतीबिंदूचा उल्लेख काढून टाकला. वैभवीच्या ते लक्षात आलं होतं. पण बोर्ड आता जास्त उठून दिसत होता, म्हणून ती काही बोलली नाही.

उन्हाळ्यात तो बोर्ड काटोलच्या बसस्टँडवरही लागला. तिच्या आईने, रुखमाबाईंनी, तो नवऱ्याला वाचून दाखवला. हे आपल्या पोरीनं लिहिलंय, असं चंपतराव बाजारभर सांगत फिरले. पोरगी काय करते ते अखेर सांगता येत होतं.

संत्र्याचा हंगाम आटोपला आणि दोघं न कळवता नागपूरला आले. दारातून आत येताना चंपतरावांचा खांदा चौकटीवर आदळला.

“तुह्या दवाखान्यात घेऊन चाल,” खुर्ची चाचपत ते म्हणाले. “ऑपरेशन करून टाकू.”

“बाबा, तुमाले काचबिंदू हाये. त्याचे थेंब टाकून राहिले ना?”

रुखमाबाईच म्हणाल्या, “थो बोर्ड लागला तवापासून बंद केले त्यायनं. म्हने, पोरीच्या दवाखान्यात इलाज हाये, मंग हे कायले टाकाचे.”

“मले काहून नाही सांगितलं?”

“तुले माहीतच असन, असं वाटलं वं आमाले.”

हॉस्पिटलातली डॉक्टर तरुण होती, सालस होती. सगळ्या तपासण्या तिने स्वतः केल्या. मग चंपतरावांच्या हातावर हात ठेवून म्हणाली, “काका, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. उरलेली फक्त सांभाळायची असते.” आईबाबा बाहेर गेल्यावर वैभवीने विचारलं, थेंब चालू असते तर? “उजवा डोळा बराचसा वाचला असता,” डॉक्टर म्हणाली.

बाहेर बाकावर चंपतराव समोर बघत बसले होते. समोर भिंत होती.

“पाह्य, हे डॉक्टरीन नवी हाये. तू मोठ्या डॉक्टरले विचार. तुहं नाव सांग त्याले.”

“बाबा, थे जाहिरात होती. मोतीबिंदूची. तुमच्या बिमारीची नाही.”

“मंग तसं लिहिलं काहून नाही?”

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. वैभवी औषधांच्या दुकानात जाऊन थेंब घेऊन आली.

संध्याकाळी तिने रविंद्रला फोन केला. घडलं ते सांगितलं आणि बोर्ड काढा, निदान मोतीबिंदू हा शब्द तरी परत घाला, म्हणून विनवलं. त्याला वाईट वाटलं, ते त्याच्या बोलण्यातून कळत होतं.

“मॅडम, ओळ आता अमरावती, वर्ध्यालाही लागली. छिंदवाड्यात हिंदीत चालू आहे. माझ्या हातात काय आहे? आणि आपण तर प्रश्न विचारलाय फक्त. वचन कुठं दिलंय?”

“मग मी यापुढे तुमचं काम करणार नाही.”

“बघा. मोठ्या साहेबांना सांगतो,” तो म्हणाला. “लिहिणारे काय, मिळतात, मॅडम. पण तुमच्यासारखे नाही मिळत.” त्याला हे समजूत घातल्यासारखं वाटत असावं.

दुसऱ्या दिवशी ती दोघांना गणेशपेठच्या स्टँडवर सोडायला गेली. थेंब कधी आणि किती टाकायचे, ते तिने आईला पुन्हा पुन्हा सांगितलं. रुखमाबाईंनी नवऱ्याचा हात धरून बसच्या दांड्यावर ठेवला. पायरी चढता चढता ते थांबले.

“तू नको मनाले लावून घेऊ,” ते म्हणाले. “बोर्ड चांगलाच होता. लोकं वाचून राहिले.”

बस सुरू झाली. चंपतरावांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि पेपरवाल्याच्या टपरीकडे तोंड करून तो हलवत राहिले. वैभवी टपरीपासून लांब, दुसऱ्या टोकाला उभी होती. ती घाईघाईने टपरीपाशी जाऊन उभी राहिली आणि बस वळेपर्यंत तिथूनच हात हलवत राहिली.