आवळलेला झोका

झोका नातीला हवा आहे, असं घरातल्या प्रत्येकाला वाटत होतं. खुद्द नातीलाही तसंच वाटत होतं, कारण आजीने ते तिच्या डोक्यात व्यवस्थित भरवलं होतं. बारामतीच्या बागेतून कन्हेरीला परतताना एसटीत भागुबाई साक्षीच्या कानाशी लागायची आणि म्हणायची, आपल्या परसात असा झोका असता तर किती बरं झालं असतं. पोरगी सहा वर्षांची. तिने घरी येऊन तेच आजोबांपुढे, म्हणजे ज्ञानूआबांपुढे म्हटलं, रडून म्हटलं, ताटावरून उठून म्हटलं. भागुबाई मात्र चुलीपुढे भाकरी थापत गप्प. लबाडच बाई होती, पण लबाडी करायला तिला कारण होतं.

भागुबाईचं माहेर सुप्याकडचं, कोरडवाहू मुलखातलं. लहानपणी नागपंचमीला तिथल्या ओढ्याकाठच्या बाभळीला दोर टाकून वस्तीतल्या पोरी झोका खेळायच्या, आणि भागूइतका उंच झोका कुणाचाच जायचा नाही. ती फळीवर उभी राहायची, गुडघ्यांत वाकून झोका चढवत न्यायची आणि वर पोचली की ओरडायची. मग ते वर्ष आलं, तिच्या बापाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि घरातले देव, उपास, नवस सगळं एका दमात घराबाहेर गेलं. बापाने केलं ते सोळा आणे बरोबर केलं. उलट कुणी बोललं असतं तर भागुबाईने त्याच्या मुस्काटात ठेवून दिली असती. त्या एका निर्णयामुळे तिचा मुलगा मास्तर झाला होता आणि सून नर्स. पण पंचमी गेली तिच्यामागे झोकाही गेला, आणि तो का जावा हे त्या अकरा वर्षांच्या पोरीला कुणी समजावलं नव्हतं. आता पन्नाशीला टेकल्यावर, नातवंड अंगाखांद्यावर खेळवण्याच्या वयात, मला झोका खेळायचाय असं कोणत्या तोंडाने सांगायचं? गाव म्हणालं असतं, म्हातारचळ लागला. म्हणून नात पुढे आणि आजी मागे.

नातीने हट्ट धरला आणि ज्ञानूआबा कामाला लागले. आबा इंदापूरकडच्या एका साखर कारखान्यात फिटर होते, नुकतेच निवृत्त झाले होते. साऱ्या नोकरीत त्यांनी एकच काम केलं, ते म्हणजे जे हलू नये ते हलू न देणं. ती सवय त्यांनी पेन्शनबरोबर घरी आणली. आल्या आल्या त्यांनी पाना घेऊन सगळं घर आवळलं. दाराच्या बिजागऱ्या, हापशाचा दांडा, खाटेचे पाय, कढईचा कान, काही म्हणून सोडलं नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यांनी एकदा लावलं की सुनेला शेजारचा गडी बोलवावा लागायचा.

अशा माणसाकडे झोका मागितल्यावर तो काय दोर बांधून मोकळा होणार? परसात बळकट झाड नव्हतं, लिंब होता तो अजून मनगटाएवढा. तेव्हा लाकडाचा सांगाडाच उभा करायचा ठरला. दोराचं नाव काढताच आबांनी हात झटकला. साखळीचं कुणी बोललं, तर कारखान्याच्या गव्हाणीत ऊस ओढणारी साखळी कशी तुटली आणि पत्र्याला भोक पाडून कशी बाहेर गेली, ते त्यांनी साग्रसंगीत सांगितलं. शेवटी लोखंडी सळया. कुंडलिक सुताराने जुन्या बाभळीचे चार पाय तासले, दोन दोन एकमेकांना टेकवून कैच्या केल्या, वरून आडवा सागाचा वासा दिला. सांध्यासांध्याला लोखंडी ब्रॅकेट हवं, आणि तेही बाजारातलं पातळ नको, म्हणून आबा इंदापूरला आपल्या जुन्या जोडीदाराकडे, संभाजी वेल्डरकडे गेले आणि गोणीभर ब्रॅकेट घेऊन भिगवणमार्गे एसटीने परतले. कंडक्टरने गोणी उचलून पाहिली आणि विचारलं की हिच्यात माणूस आहे काय.

पाय जमिनीत कमरेइतके गाडले, त्याआधी त्यांना वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल पाजलं, भोवती खडी-सिमेंट ठासलं. येणारा जाणारा विचारायचा, आबा, हत्ती बांधायचाय का. आबांना ती थट्टा कळायची नाही. ते गंभीरपणे सांगायचे की हत्तीला एवढं लागत नाही.

हे सगळं वैशाख पौर्णिमेला पुरं व्हायचं होतं. मग आषाढ पौर्णिमेला. भागुबाई रोज भांडी घासायच्या निमित्ताने परसात जायची, सांगाड्याच्या बाभळीवरून हात फिरवायची आणि आत यायची. एकदा तर कुणी नाही असं बघून ती दोन पायांच्या मधे जाऊन उभी राहिली आणि गुडघे वाकवून पाहिले. वाकत होते. तेवढ्यात आबा पाना घेऊन आले, तर तिने पदराने लाकूड पुसायला सुरुवात केली.

होता होता श्रावण उजाडला आणि झोका पुरा झाला तो नेमका पंचमीच्या आदल्या दिवशी. गावात झाडाझाडाला दोर लागले होते, पोरींची गाणी वस्तीपर्यंत ऐकू येत होती. भागुबाईचा मास्तर मुलगा रविंद्र शाळेतून आला आणि परसात बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. रविंद्र वाईट मुलगा नव्हता. फक्त तो विहाराच्या समितीचा सचिव होता, आणि सचिव झाल्यापासून त्याला सगळं गाव आपल्याकडेच बघतंय असं वाटायचं. लोक म्हणतील, सचिवाच्या घरी पंचमी सुरू झाली. तेव्हा चार दिवस जाऊ द्यावेत, एवढंच त्याचं म्हणणं होतं. भागुबाईने मान हलवली आणि हातातलं पातेलं जरा जोराने खाली ठेवलं. एवढी वर्षं थांबलेल्या बाईला चार दिवस काय जड? पण जड वाटले, हे खरं.

वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला बौद्धांचा वाचन-वंदनेचा काळ, चालू होता. रोज संध्याकाळी वस्तीतल्या बाया ग्रंथवाचनाला जमायच्या आणि त्या आठवड्यात वाचन भागुबाईच्या ओसरीवर होतं. त्या संध्याकाळीही रविंद्र वाचत होता, बाया ऐकत होत्या. वाचन झालं, वंदना झाली, चहा फिरला, आणि बाया उठायला लागल्या तेव्हा ज्ञानूआबांना राहवलं नाही. आपण काय उभं केलंय ते दाखवल्याशिवाय कारागिराच्या घशाखाली चहा उतरत नाही. चला, नुसतं बघून जावा, असं म्हणत त्यांनी सगळ्यांना मागच्या दाराने परसात नेलं. रविंद्र पुस्तक ठेवून मागोमाग आला.

झोका खरोखर देखणा होता. गुळगुळीत फळी, दोन काळ्या सळया, वर चकचकीत ब्रॅकेटं. बायांनी बाभळीला हात लावून पाहिलं, एकीने खांदा लावून ढकललं, सांगाडा तसूभर हलला नाही. आबांची छाती फुगली. साक्षी तर कुणाचं न ऐकता धावत जाऊन फळीवर बसली आणि ओरडली, "आबा, ढकला."

आबांनी ढकललं. झोका हलला नाही.

आबांनी परत ढकललं. साक्षी फळीवरून पुढे घसरली, झोका जागच्या जागी. सळईच्या वरच्या टोकाची कडी ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये बसवून आरपार बोल्ट घातला होता, आणि तो बोल्ट आबांनी आपल्या रिवाजाप्रमाणे दम लावून आवळला होता. कानांनी कडी अशी धरली होती की दोन्ही सळया खांबासारख्या ताठ उभ्या. जे हलू नये ते तर हललं नव्हतंच, पण जे हलायला हवं तेही आबांनी हलू दिलं नव्हतं.

आधी कुणी हसलं नाही. मग नकुसामावशी, जिचं वय झालेलं असल्याने जी कुणाला भीत नसे, ती फळीवर टेकली आणि म्हणाली की बाकडं चांगलं झालंय, दोन माणसं आरामात बसतील. त्यासरशी सगळं परस हसलं. सूनबाई तोंडाला पदर लावून हसली, सचिवही हसला. आबांचा चेहरा मात्र एवढासा झाला. ते वर ब्रॅकेटकडे बघत राहिले.

भागुबाईला हसू आलं नाही. ती पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "अवो, जरा ढिलं सोडा की."

आबांनी ठाम मान हलवली. ढिला बोल्ट काय करतो ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत एका माणसाची दोन बोटं गेली होती. लहान लेकरू बसणार आहे त्यावर, म्हणाले, आपल्या हाताने ढिलं ठेवायचं आणि रात्रभर जागं राहायचं, हे जमायचं नाही. त्यांचा आवाज कापला, आणि तेव्हा भागुबाईच्या ध्यानात आलं की हा माणूस घरभर पाना घेऊन फिरतो तो हौसेने नाही. त्याला भीती वाटते. आपल्या माणसांना काही होईल याची भीती, आणि ती बोलून दाखवता येत नाही म्हणून तो बोल्ट आवळतो. तिला त्याची फार माया आली. आणि ती माया आली म्हणूनच, इतके महिने जे नातीच्या आडून चाललं होतं, ते तिच्या तोंडून सरळ बाहेर पडलं.

"लेकरू न्हाय बसणार पयल्यांदा," ती म्हणाली. "मी बसणार हाय. झोका मलाच पायजे व्हता. साक्षीचं नाव मी पुढं केलं."

भागुबाईचे कान गरम झाले, पण आता माघार नव्हती. रविंद्र पुढे आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आई, उद्या पंचमी हाय. लोक काय म्हणतील?"

"पंचमी आमी सोडली, बाबा, आन् चांगलं केलं," भागुबाई म्हणाली. "पर झोका कुणी सोडाय सांगितला व्हता? माझ्या बानं न्हाय सांगितला. बाबासायबांनी न्हाय सांगितला. त्यो आपला उगंच ऱ्हायला."

नकुसामावशी बाकड्यावरून, म्हणजे झोक्यावरून, उठली आणि म्हणाली, "व्हय गं, माझाबी तसाच ऱ्हायला."

रविंद्रने आबांच्या हातातून पाना घेतला नाही, नुसतं स्टूल आणून सांगाड्याखाली ठेवलं आणि ते दोन्ही हातांनी धरलं. आबा वर चढले. नट त्यांनी असा उलटा फिरवला जणू स्वतःचा दात उपटतायत. कडी मोकळी झाली, तिच्यावर ग्रीस गेलं, मग ढिला नट निसटू नये म्हणून त्यावर दुसरा नट बसवून तो मात्र त्यांनी मनसोक्त आवळला. तेवढं तरी त्यांना करू द्यायलाच हवं होतं.

भागुबाई फळीवर बसली. रविंद्रने मागून हलकेच ढकललं, आजारी माणसाला उठवून बसवावं तसं. "जोरानं दे रं, मास्तर," ती म्हणाली. त्याने जोर लावला. झोका पुढे गेला, मागे आला, आणि पोटात तो जुना खड्डा पडला, ओढ्याकाठचा. तिने पदर खोचला, सळया धरून उभी राहिली आणि गुडघ्यांत वाकली. अंगाला सगळं ठाऊक होतं. दोन हेलकाव्यांत तिला कुंपणापलीकडचा ऊस दिसला, पुढच्याला बारामतीचा रस्ता, आणि त्याच्या पुढच्याला ती ओरडली. लाजबिज काही उरली नाही. खाली बाया टाळ्या पिटत होत्या, साक्षी नाचत होती, आणि आबा स्टुलाजवळ उभे राहून मान खालीवर करत बोल्टाकडे बघत होते.

झोका मंद झाल्यावर ती फळीवर बसली, बाजूला सरकली आणि शेजारच्या जागेवर थाप मारली. आबांनी इकडेतिकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत ती दोघं कधी एका बाकावरही बसली नव्हती. नकुसामावशीने त्यांना खांद्याला धरून फळीपर्यंत नेलं. ते बसले, दोन्ही हातांनी एकच सळई गच्च धरली आणि डोळे मिटून घेतले.

रविंद्रने दोघांच्या पाठीला हात लावून ढकललं. झोका गेला, आला. वर काही करकरलं नाही, काही निखळलं नाही. भागुबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी आधी एक डोळा उघडला, मग दुसरा, मग एक हात सळईवरून काढून मांडीवर ठेवला. झोका थांबत आला तरी ते उठेनात. मागे न बघता, घसा खाकरून, कारखान्यात हाताखालच्या माणसाला सांगावं तसं ते म्हणाले, "रविंद्रा, अजून एक दे."