पेठेच्या पोटातल्या पायऱ्या

या, असं पुढं सरका. दारात उभं राहून ऐकणाऱ्याच्या वाट्याला अर्धीच गोष्ट येते, आणि अर्धी गोष्ट घेऊन घरी जाणं म्हणजे पंगतीतून पहिल्या भातावर उठणं. हातातलं काम घटकाभर बाजूला राहू द्या. बुवा उत्तररंगाला आख्यान लावतात, तसं एक आख्यान तुमच्यापुढं मांडायचं आहे. यात राजा नाही, राक्षस नाही. एक चुरमुऱ्याचं दुकान आहे, एक रस्ता आहे, आणि देवानं सगळ्यांना सढळ हातानं वाटलेलं थोडं थोडं मीपण आहे. हसू आलं तर खुशाल हसा. देवाला हसरी माणसं आवडतात.

हातकणंगल्याहून कुरुंदवाडच्या अंगाला निघालं की उसाच्या मधोमध कोळगिरी लागतं. गाव म्हणावं तर नगरपालिका आहे, शहर म्हणावं तर दुपारी पेठेत कुत्री घोरतात. वेशीपासून महादेवाच्या देवळापर्यंत गेलेली एकच सरळ पेठ. एके काळी बाजारादिवशी इथं खांद्याला खांदा घासायचा. पुढं गावाबाहेरून बायपास गेला, गिऱ्हाईक तिकडं वळलं, आणि पेठेत उरली ती जुनी दुकानं आणि त्यांचे जुने मालक.

या पेठेच्या मध्यावर बसव्वाचं भडंगाचं दुकान. वय चौसष्ट, कपाळाला विभूती, बोलणं मराठी पण चिडली की कन्नड. नवरा अण्णाप्पा जाऊन सहा वर्षं झाली. तापल्या वाळूत चुरमुरे फुलवायचे, लसूण-मिरचीची फोडणी द्यायची आणि डब्यात भरायचे, हा तिचा नेम. आणि सोमवारी देवळात कीर्तन ऐकायचं, हा दुसरा. टाळ वाजला की तिची मान आपोआप डोलायला लागायची, मग हातात झारा असो नाहीतर जपमाळ.

आता चुरमुरा ही काय वस्तू आहे, हे तुम्हाला सांगायला नको. जगातल्या सगळ्या संकटांना तो तोंड देईल, पण ओलीला नाही. आणि बसव्वाच्या दुकानात जरा बरा पाऊस झाला की पाणी यायचं. वरून नव्हे, समोरून. कारण दुकान खाली होतं आणि रस्ता वर. गिऱ्हाईक दुकानात चढत नसे, उतरत असे.

हे असं का झालं, ते ऐका. कोळगिरीत जो कोणी नगराध्यक्ष झाला, त्यानं पेठेत रस्ता केला. जुना उकरायचा नाही. आधीच्याच्या डोक्यावर आपला घालायचा. थंडीत म्हातारा घोंगड्यावर घोंगडं ओढून घेतो, तसं चाळीस-पन्नास वर्षं चाललं. रस्ता फुगत गेला, दुकानं बुडत गेली, आणि कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही, कारण माणूस दर वर्षी थोडाथोडाच बुडत होता.

अशात पेठ सुधारण्याची योजना मंजूर झाली. दिवे, गटार, बसायला बाकं, आणि नऊ इंच जाडीचा काँक्रीटचा रस्ता. संयोगिता नावाची तरुण इंजिनियर नकाशाची गुंडाळी घेऊन दुकानोदुकानी समजावत फिरली. शाहूवाडीकडची पोर, बोलायला गोड, मापाला पक्की. सगळ्यांनी माना डोलावल्या. बसव्वानं मात्र विचारलं, हे नऊ इंच कशावर बसणार? संयोगितानं सांगितलं, आहे त्याच रस्त्यावर. बसव्वा हातातला झारा ठेवून खाली बसली. वीतभर पाणी येतं तिथं हातभर येणार. दुकान संपलं.

मुलगा संगमेश तेच तर केव्हापासून सांगत होता. बायपासला एक गाळा त्यानं बघूनही ठेवला होता. तिथं दुकान वर आणि रस्ता खाली. पण बसव्वाचा जीव पेठेत. ती लग्न होऊन आली तेव्हा या दुकानापुढं काळ्या दगडाच्या पाच पायऱ्या होत्या, आणि तशाच सगळ्या पेठेला, दोन्ही बाजूंनी. श्रावणात बुवा देवळात मावत नसत, म्हणजे त्यांचे श्रोते मावत नसत; मग बुवा भर पेठेत उभे राहत आणि अख्खं गाव पायऱ्यांवर बसून ऐकत असे. नवी सून बसव्वा सगळ्यांत वरच्या पायरीवर बसायची, पाठ दुकानाच्या लाकडी खांबाला टेकायची, आणि ऐकता ऐकता सासूच्या मांडीवर तिचं डोकं कधी जायचं, ते तिला कळायचं नाही.

म्हणून ती संयोगितापुढं हटून बसली. हा रस्ता उकरा, खाली पाच पायऱ्या हाईत, पेठ मुळात तिथं होती. संयोगितानं सगळी दप्तरं धुंडाळली. मूळ पातळी कुठल्याच कागदावर नव्हती. शेवटी ती म्हणाली, "मावशी, मला एक पायरी दाखवा. एकच. मी नकाशा बदलते."

पण खड्डा काढायचा म्हटल्यावर हंबीरराव आडवे आले. हंबीरराव म्हणजे माजी नगराध्यक्ष, वेशीजवळच्या कापड दुकानाचे मालक, छाती अजून तालमीतली. सगळ्यांत वरचा रस्ता त्यांचा. चार इंच डांबर, बारा वर्षं, एक भेग नाही, हे वाक्य त्यांनी लग्नांच्या आहेरापासून सांत्वनाच्या बैठकीपर्यंत सगळीकडं म्हटलं होतं. माझा रस्ता उकरायचा म्हणजे माझं नाव उकरायचं, असं त्यांचं म्हणणं. मग बसव्वानंच डोकं चालवलं. ती त्यांच्या दुकानात गेली, पाणी प्याली आणि म्हणाली, खड्डा काढला की तुमचं चार इंच लोकांना डोळ्यांनी दिसेल तरी. आता नुसतं ऐकतात. हंबीरराव विरघळले. स्तुतीपुढं पैलवान आणि पाण्यापुढं गूळ सारखेच.

मंगळवारी सकाळी बसव्वाच्या दारात खड्डा काढायला सुरुवात झाली. पेठ गोळा झाली. समोरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानातला गुंडू तर स्टूलच घेऊन आला. तो जन्मात कुठल्या गोष्टीला गप्प बसला नव्हता.

"अक्का, पायऱ्या हाईत का सोन्याचा हंडा? हंडा निघाला तर निम्मा माझा."

खड्डा खाली जाईल तसे थर दिसू लागले. डांबर, मुरूम, परत डांबर, खडी, परत डांबर. कुठला कुणाच्या कारकिर्दीतला, यावर म्हाताऱ्यांचा वाद सुरू झाला. हंबीररावांनी धोतर सावरून वाकून विचारलं, माझा कुठला? संयोगितानं सगळ्यांत वरच्या थराला टेप लावली. जरा थांबली. परत लावली. मग हळूच म्हणाली, सव्वा इंच.

सगळी पेठ त्या टेपवर झुकली. मग गुंडू म्हणाला, "साहेब, ह्यो रस्ता न्हवं, पापड हाय."

आणि काय सांगावं, सगळी पेठ खदखदली. बसव्वाही हसली, पदर तोंडाला लावून, पण पोटभर. हंबीररावांचा चेहरा मिरचीसारखा झाला. ठेकेदारावर विसंबून त्यांनी जन्मात टेप हातात धरली नव्हती; पण हे आता कुणाला सांगणार?

खड्डा कमरेएवढा झाला. मग छातीएवढा. खाली जुनी पांढरी माती लागली, पेठेची अगदी मूळची. आणि पायरी? एकही नाही. नुसती माती.

आता हसू उलटलं. हंबीरराव सरळ उभे राहिले. "माझं डांबर पातळ असंल. पर हाय तरी. अक्काच्या पायऱ्या कुठं हाईत?"

लोक पांगायला लागले. संगमेशनं आईच्या दंडाला धरून सांगितलं की झालं तेवढं पुरे, गाळ्याचं मी बोलून टाकतो. संयोगितानं नकाशा गुंडाळला. तिचाही चेहरा उतरला होता. बसव्वानं खड्ड्यात परत एकदा वाकून पाहिलं. डोळ्यांना दिसतंय ते खरं, का पाठीला आठवतंय ते? खांब तर आठवतोय. वरच्या पायरीवर बसलं की पाठीला टेकणारा तो खांब.

ती तशीच दुकानात उतरली. खांब होता, अजून होता, वजनाचा ताजवा त्यालाच टांगलेला. पण तो दुकानाच्या आत होता, शटरपासून चांगला अडीच हात आत. ती गेली आणि खांबाला पाठ लावून खाली बसली. पुढं डब्यांची रांग, डब्यांखाली शहाबादी फरशी, फरशीच्या पुढं शटर. आणि तिला एकदम सगळं लख्ख दिसलं.

संगमेशच्या वेळी ती बाळंतपणाला माहेरी गेली होती. सव्वा महिन्यानं बाळ घेऊन आली, तर अण्णाप्पानं दुकान अडीच हात पुढं घेतलेलं. तोवर खालच्या दोन पायऱ्या रस्त्यानं खाल्ल्याच होत्या. उरलेल्यांवर त्यानं फरशी टाकली होती, आणि वर डब्यांची नवीकोरी रांग मांडली होती. काय आनंद झाला होता तिला. पेढा वाटावा तसं तिनं ते दुकान पेठेला दाखवलं होतं. त्या आनंदात पायऱ्यांचं काय झालं, हे तिनं विचारलंच नाही. मग शेजाऱ्यानं आपलं दुकान पुढं घेतलं, मग समोरच्यानं, मग सगळ्यांनी.

गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण कीर्तनाला बसणारं माणूस. तीस-चाळीस वर्षं कानावर पडलेलं कधीतरी पायांत उतरतंच. ती उठली, वर आली आणि खड्ड्याच्या काठावर उभी राहिली.

"हंबीरदादा, तुमचा रस्ता सव्वा इंच निघाला म्हणून मी हसले. आता तुमी हसा. माझं दुकान अडीच हात जास्त हाय. रस्त्यानं पायऱ्या गिळल्या म्हणून मी बोंबलत हुते. वरच्या तर आमीच गिळल्या. ह्या फरशीखाली हाईत."

कुणीच हसलं नाही. कारण जो तो आपापल्या दुकानाच्या तोंडाकडं बघत होता.

संगमेश कासावीस झाला. एकदा मोडलं की ही जागा परत मिळायची नाही, हे त्यानं तिला परोपरीनं सांगितलं. दुकानाचं तोंडच गेलं म्हटल्यावर राहिलं काय?

"तोंड मागं घेतलं म्हणून कोण मरत न्हाय, बाळा," बसव्वा म्हणाली. "पुढं काढलं की मातर भांडणं हुत्यात. पहार आण."

डबे आत गेले. संगमेशनं पहार लावली, पण चाळीस वर्षं बसलेली फरशी हलेना. तो घामाघूम झाला, गुंडू स्टुलावरून उठला, तोही दमला. तेव्हा हंबीररावांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि दोघांना बाजूला केलं. "सरका. तुमच्यानं न्हाय हुणार." फरशीखाली बोटं घालून त्यांनी हुंकार दिला, आणि फरशी करकरत उभी राहिली.

खाली काळा दगड होता. कडा गोल झालेल्या, मधोमध माणसांच्या पावलांनी पडलेला खळगा. संयोगिता गुडघ्यांवर बसून हातानं माती काढू लागली. एक पायरी. दुसरी. तिसरी. चौथी. आणि चौथीच्या पायथ्याशी तीच पांढरी माती, जी खड्ड्यात लागली होती.

हंबीररावांनी दोनदा मोजलं. "अक्का, पाच म्हणालतासा. चारच हाईत की."

"सासू रोज सकाळी धुवायला लावायची," बसव्वा म्हणाली. "धुताना पाचच वाटायच्या."

मग मात्र सगळे एकदम हसले, आणि ते हसू कुणावरचंच नव्हतं.

पुढची कथा लांब आहे, थोडक्यात आटोपतो. संयोगितानं शब्द पाळला. नकाशा बदलला, वरच्या साहेबांकडं चार खेटे घातले. लोकांच्या बैठकीत हंबीरराव उठून म्हणाले, काढायचाच तर पहिला माझा काढा, फार वेळ लागायचा नाही. दुकानं मागं गेली. काही त्याच आठवड्यात, काही भांडून, काही बायकांनी रेटल्यावर. दोन दुकानं अजून पुढंच आहेत. तिथं आलं की वाट जराशी वळसा घेते आणि लोक कौतुकानं मालकाकडं बघतात. तोही एक दिवस मागं जाईल. रस्ता उकरताना गाळानं बुजलेलं जुनं दगडी गटार मिळालं. ते साफ केलं तर आजही धो धो वाहतं. वर नवा रस्ता झाला, पांढऱ्या मातीच्या पातळीला, आणि दोन्ही बाजूंना पायऱ्याच पायऱ्या. बाकं रद्द झाली. बसायला अख्खी पेठ होती.

त्या वर्षीच्या पहिल्या दांडग्या पावसात बसव्वा दुकानात बसून राहिली. चारी पायऱ्यांच्या खालून पाणी गटाराकडं पळत होतं. तिनं उघड्या पोत्यातला एक चुरमुरा दाताखाली धरला. कुर्र. संगमेश बघत होता. त्यानंतर त्यानं बायपासच्या गाळ्याचं नाव काढलं नाही. आता संध्याकाळी पायऱ्यांवर माणसं टेकतात, आणि टेकलेलं माणूस भडंग खाल्ल्याशिवाय उठत नाही, हे त्याला चार महिन्यांत कळलं.

श्रावणात बुवा पुन्हा भर पेठेत उभे राहिले. दिवेलागणीला टाळ वाजला, आणि वेशीपासून देवळापर्यंत पायऱ्या माणसांनी भरल्या. बसव्वाला लोकांनी वरच्या पायरीवर बसवलं. बुवांनी भर कीर्तनात तिचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या, तर ती उठून हात जोडून म्हणाली, "माझं नाव घेऊ नका. आमच्या मालकांना तेवढी नावं ठेवू नका. त्यांनी दुकान पुढं घेतलं ते बाळ-बाळंतीण येणार म्हणून हौसेनं."

बुवांनी टाळ थांबवला आणि सगळ्या पेठेला अण्णाप्पाच्या नावानं एकदा जयजयकार करायला लावला.

तर बाबांनो, कधी त्या बाजूला गेलात तर कोळगिरीच्या पेठेत पायरीवर घटकाभर बसा. भडंग घ्या, ताजं असतं. आणि पहिला घास तोंडात टाकण्याआधी, पोरगा झाल्याच्या आनंदात चाळीस वर्षांपूर्वी अडीच हात पुढं सरकलेल्या त्या भल्या अण्णाप्पाची एवढी आठवण काढा.