बिननावाची भांडी

उमाने पलंगाखालचं चौथं पोतं ओढलं, तशी आतली ताटं खणखणली. दारात उभ्या असलेल्या माईंचा हात आपसूक पुढे आला.

"हळू गं. पोचे पडतील."

"कोणासाठी जपायची, आई?"

उमाचं सदतिसावं सरलं होतं. अंबरनाथ पूर्वेच्या त्या घरातली मागची खोली तिच्या लग्नाच्या भांड्यांनी अडली होती. दर दिवाळीला माई उल्हासनगर कॅम्प एकमधल्या भांड्यांच्या दुकानात जाऊन काहीतरी आणायच्याच. कधी पातेली, कधी डझनभर वाट्या. दुकानदार नाव घालायचं मशीन हातात घेऊन बसायचा आणि माई म्हणायच्या, "राहू द्या. आडनाव कळलं की घालू." अठरा दिवाळ्या झाल्या, भांडी आपली कोरीच.

उमाचं मागणं तरी काय मोठं होतं? ऑफिसातून आल्यावर दार लोटून बसता येईल अशी एक खोली. फिकट रंग, पुस्तकांची फळी, खिडकीशी वेताची खुर्ची. पण खोली रिकामी करायची म्हणजे माईंची आशाच उचलून बाहेर ठेवायची, हे तिलाही कळत होतं. म्हणून तर इतकी वर्षं तिने पोत्यांना हात लावला नव्हता.

"यांचं काय करू?" तिने विचारलं.

"बघते मी," माई म्हणाल्या.

रंग लागला, खुर्ची आली. आठ दिवसांत माई खोलीत फिरकल्या नाहीत. रविवारी मात्र त्यांनी रिक्षा बोलावली, पोती चढवली आणि निघून गेल्या. मोडीत घालणार, दुसरं काय? उमा नव्या खुर्चीत बसून राहिली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, ते काही वाटेना.

संध्याकाळी माई एकच पिशवी घेऊन परतल्या. पाण्याने भरलेला तांब्या आणि भांडं त्यांनी खिडकीत आणून ठेवलं.

"बाकीची मोडीत दिली. लागतील तेवढी ठेवली."

उमाने तांब्या उचलला. काठाखाली ताजी, बारीक टिंबांची अक्षरं होती: उमा शरदचंद्र देवस्थळी. बाबांचं नाव, आणि त्यांचंच आडनाव.

"दुकानदाराने विचारलं, आडनाव कळलं का," माई म्हणाल्या. "म्हटलं, कळलं."

आणि बाहेर जाताना त्यांनी दार लोटून घेतलं.